अंबुबाईंच्या हातचा मेंढा

समोरच्या फ्लॅटमधल्या अंबुबाईंना केक सजवायला मी शिकवणार होते. चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते, हात शिवशिवत होते, आणि मला कुणी विचारलं नसतानाही मी तसं जाहीर करून टाकलं होतं.

त्यांची सून सुकन्या घरी केक करते. सुकन्या म्हणजे अंबुबाईंच्या सख्ख्या भावाची मुलगी, त्यामुळे लग्न होऊनही सासूला ती आत्याच म्हणते. तिचा केक चवीला असा की पार सात रस्ता चौकातून लोक आमच्या जुळे सोलापुरात यायचे. दिसायला मात्र कुणीतरी वर बसून उठल्यासारखा. आणि अंबुबाई? सांगोल्याच्या माळावर चाळीस वर्षं मेंढरांमागं चाललेली बाई. लेकाकडे राहायला आल्या तेव्हा क्रीम म्हणजे तोंडाला लावायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

मी रंगचक्राचा तक्ता घेऊन पहिल्या दिवशी त्यांच्याकडे गेले, तेव्हा सुकन्या रडकुंडीला आलेली होती. एका वाढदिवसाच्या केकची एक बाजू खचली होती आणि गिऱ्हाईक अर्ध्या तासात येणार होतं. अंबुबाईंनी हात धुतले, दुधाची रिकामी पिशवी धुऊन तिचा कोपरा कापला, त्यात क्रीम भरलं आणि खचलेल्या बाजूवर बारीक बारीक कुरळे गोळे दाबत सुटल्या. खड्डा बुजला. मग वरून डाळिंबाचे दाणे विखरून टाकले. मी म्हटलं, दाणे पाच-पाचच्या रांगेत लावा, शोभतील.

"बाई, डाळिंब फोडून बगितलंय न्हवं तुमी? त्यात कुटं रांग असती?"

मी तक्ता गुंडाळला. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. चौतीस वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं. पण केक सुरेख दिसत होता, आणि तेही खोटं कशाला सांगू.

त्यानंतर मी रोज जायला लागले, बघायला. बाजारातले रंग त्यांनी बंदच केले. जिभेला लागतात म्हणे. बीट किसून लाल, पालक वाटून हिरवा, पिवळ्याला केशर, आणि गिऱ्हाईक हात आखडता घेणारं असेल तर चिमूटभर हळद. केकवर पसरायच्या साखरेच्या पोळीला त्या करंजीच्या कातण्यानं नागमोडी कड काढायच्या. एका डोहाळजेवणाच्या केकवर त्यांनी तुपात तळलेल्या शेवयांचा झोपाळा टांगला, तो बघून ती पोटुशी पोर केक कापायचंच विसरली. विणकर पद्मशाली शेजाऱ्यांच्या लग्नाच्या पन्नाशीला केकवर साखरेची चादर पसरली. तिची वीण दिसावी म्हणून पुरणाची चाळण अलगद दाबली होती. त्या घरच्या आजोबांनी, ज्यांची हयात मागावर गेली, चष्मा वर करून ती वीण तपासली आणि मान डोलावली.

हे कुठं शिकलात, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाल्या, दिवाळीच्या पाडव्याला. त्या दिवशी मेंढरं धुवायची, शिंगांना हुरमुंजाचा लाल रंग लावायचा आणि पाठीवर नक्षी काढायची.

"दोन-दोनशे मेंढरांच्या पाटी रंगवल्यात, बाई. ती तर हालत्यात. तुमचा केक गप बसतो की."

तो केक माझा कधीपासून झाला कोण जाणे. पण मला बरं वाटलं.

आता त्यांच्या भावाचं सांगते, कारण खरी गोष्ट त्याचीच. कोंडीबा, म्हणजे सुकन्याचे वडील. गुडघ्यांनी दगा दिला, डॉक्टरांनी चालणं बंद केलं, म्हणून नवरात्राच्या आधी त्यांनी सगळा कळप विकला आणि मुलाकडे, शिवराजकडे, आमच्याच गल्लीत राहायला आले. त्या दिवसापासून माणूस मिटला. पूर्वी दोघं एकाच कळपामागं चालायची, तेव्हा म्हणे हा गडी बहिणीला पदोपदी ओरडायचा, भाकरी जाड झाली म्हणून, कोकराला नीट पाजलं नाही म्हणून. आता दोन घास खायचे, खिडकीशी बसायचे. बरं वाटतंय का विचारलं तर हूं. अंबुबाई रोज दुपारी त्यांच्याकडे जाऊन यायच्या आणि आल्या की माझ्यासमोर तोच हिशोब मांडायच्या: आज तीन शब्द बोलला, आज एकच. एकदा म्हणाल्या, असाच गप राहिला तर उन्हाळा काढायचा नाही आण्णा. ते बोलताना त्यांचे हात थांबले होते. मी ते हात थांबलेले पहिल्यांदा पाहिले.

एक जानेवारीला कोंडीबांची पंच्याहत्तरी आली. आधार कार्डावर तीच तारीख आहे. आमच्याकडे त्या पिढीतला निम्मा तालुका एक जानेवारीलाच जन्माला आला आहे. अंबुबाईंनी ठरवलं, आण्णाला चांद्या करून द्यायचा. चांद्या म्हणजे कळपाच्या पुढं चालणारा काळा मेंढा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. तोही कळपाबरोबर विकला गेला होता.

दोन दिवस मी त्यांच्या स्वयंपाकघरातून हलले नाही. सुकन्यानं केक भाजले, अंबुबाईंनी ते रचून, कोरून बसलेला मेंढा घडवला. काळपट चॉकलेटच्या क्रीमची लोकर, मुठीएवढ्या जागेत वीस-वीस कुरळे गोळे. शिंगं तीळगुळाच्या पाकाची, पाक गरम असताना लाटण्याभोवती वळवलेली. त्यात चटके बसले ते वेगळेच. कपाळावर लोण्याचा ठिपका, पाठीवर बिटाच्या लालानं पाडव्याची नक्षी. मी एका जागी सावली गडद करा म्हटलं आणि त्यांनी चक्क केली. मेंढा इतका हुबेहूब झाला की शिवराजच्या घरी त्याला नेताना जिन्यातलं कुत्रं भुंकलं.

आम्ही तिघी बायका, आणि तिघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही की केक कापायचा असतो.

सगळे जमले. शिवराजच्या मुलीनं, पायलनं, रिबीन बांधलेली सुरी आजोबांच्या हातात दिली. झाकण उचललं. कोंडीबा बघत राहिले.  मग त्यांनी सुरी खाली ठेवली.

"ह्यो चांद्या हाय. ह्येच्यावर मी सुरी चालवू?"

आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

 सुकन्याचे डोळे भरले. शूटिंग करणाऱ्या पायलनं मोबाईल खाली घेतला. मला स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावीशी वाटली, हुबेहूब करा, हुबेहूब करा म्हणून मीच नाचत होते. अंबुबाईंचा चेहरा तर पांढराफटक पडला. भावाला हसवायला निघालेल्या बाईनं त्याच्या जखमेवरच बोट ठेवलं होतं.

 मग त्या आत गेल्या आणि थालीपीठ उलटायचं पातळ उलथणं घेऊन आल्या. ते भावाच्या हातात कोंबलं.

"आण्णा, सुरी नगं. पावसाळ्यामागची कातरणी ऱ्हायलीय त्येची. अंगावर बग किती लोकर चढलीय. तूच कातर."

कोंडीबांनी उलथण्याकडे पाहिलं. बहिणीकडे पाहिलं. मग सावकाश पुढे सरकले आणि मेंढा हलू नये म्हणून, जन्माच्या सवयीनं, डावा हात त्याच्या मानेवर दाबला. अंगठा क्रीममध्ये मुळापर्यंत रुतला.

ते अंगठ्याकडे बघत राहिले आणि खळखळून हसले. तसं घर हसलं.

मग त्यांनी कातरणी केली. मानेपासून पोटाकडे, पोटापासून पाठीवर, उलथणं आडवं धरून, एक ठिगळ न सोडता. लोकरीचा पहिला पुंजका पायलच्या ताटलीत गेला, दुसरा माझ्या. मला साखरेचा आजार आहे, पण त्या लोकरीला नाही कोण म्हणणार? कातरता कातरता आजोबा बोलत होते. मानेची लोकर मऊ, घोंगडीला हीच धरायची. पोटाची राठ. पंधरा मिनिटांत मेंढ्याचा नुसता तपकिरी केक उरला. "आता कापा," ते म्हणाले, "आता ह्यो चांद्या न्हाय." स्वतः दोन तुकडे खाल्ले. मग एक शिंग उचलून उजेडात धरलं आणि त्यांचा आवाज चढला.

"अंबे, डावं शिंग भाईर वळल्यालं हुतं त्येचं. तू आत वळवलंस. दरसाल रंगवत हुतीस न्हवं? का डोळं मिटून रंगवायचीस?"

अंबुबाई उठून तडक स्वयंपाकघरात गेल्या. एवढी मेहनत करून सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली, म्हणून मी समजूत घालायला मागे गेले. त्या ओट्याला धरून उभ्या होत्या, डोळ्यांतून धारा, आणि तोंडभर हसत होत्या.

"वरडला, बाई," त्या म्हणाल्या. "तीन म्हैन्यांनी आण्णा वरडला मला."

मीही रडले. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं, बाहेर गेल्या, आणि डावं शिंग आतच वळलेलं होतं म्हणून भावाशी कडाकडा भांडायला लागल्या.