विमलमावशीचा एक दिवस

पोळ्यानंतरचा तिसरा दिवस, सोमवार. मोताळ्याचं बसस्टँड, मी चाकणला कामाला निघालेलो. खिशात चौदाशे रुपये: आईचे आठशे, थोरल्या भावाचे चारशे, शेजारच्या काकूंचे दोनशे. तिघंही हजर. गाडी निघताना आई म्हणाली, "पैशे सवडीनं देजो. पन कोनाची सावड अंगावर ठेवजो नोको."

सावड म्हणजे काय ते गावात राहिलेल्यांना सांगायला नको; आमच्या शहरातल्या मुलांना सांगावं लागतं. आज आमच्या शेतात निंदण, उद्या त्यांच्या. मजुरी नाही, दिवसाला दिवस. चाकणच्या कारखान्यात हिचा काय संबंध, असं मला तेव्हा वाटलं होतं.

मी ठेकेदाराच्या हाताखाली ड्रिलवर होतो. शिफ्टला सहाशे पीस, उभ्यानं. तीन दिवस खाडा झाला की हजेरीचं कार्ड बंद, चौथ्या दिवशी मशिनवर नवा माणूस. दुसऱ्या वर्षी मला कावीळ झाली. मी अकरा दिवस दवाखान्यात होतो. लग्नाला चार महिने झाले होते आणि खोलीचं भाडं माझ्या एकट्याच्या कार्डावर चालत होतं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. जे हजर होते त्यांनी सांगितलं, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात कार्डांचा आकडा सातच होता.

आमच्या लाइनवर वऱ्हाडातले आणखी सात जण होते. त्यांत वयानं मोठ्या विमलमावशी, खामगावच्या. आधी जिनिंगमध्ये रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस घालायच्या, इथे पॅकिंगला. चौथ्या सकाळी ठेकेदार नवा माणूस घेऊन आला, तेव्हा मावशींनी आपलं कार्ड त्याच्या टेबलावर ठेवलं.

"त्याच्या मशिनवर आमी हावो. आपली शिफ्ट करून त्याची करू. आज मी, उद्या हा, परवा तो. हजेरी त्याच्याच कार्डावर लावा."

"मावशी, तुम्हाला ड्रिल जमेल?"

"रेच्यासमोर बारा वर्सं उभी होती मी. हे तं भोक पाडनं हाये."

"हा काय बचत गट आहे का?"

"नाई, सावड हाये. तुमच्याकडे नसन."

मागून सहा कार्डं टेबलावर आली. ऑर्डर निकडीची होती. ठेकेदारानं सातही कार्डं परत केली आणि नव्या माणसाला चहा पाजून घरी पाठवलं.

खाड्याचे तीन दिवस धरून कामाचे आठ दिवस उरत होते. सात जणांनी एकेक केला, आठवा त्यांच्यातल्याच मावशींच्या भाच्यानं जास्तीचा. मावशींच्या दिवशी पीस सहाशे चार भरले.

परतल्यावर मी चूक केली. आठ दिवसांची मजुरी माझ्या नावावर निघाली होती. मी हिशेब करून सात पाकिटं केली, वर नावं लिहिली आणि जेवणाच्या सुटीत वाटायला निघालो. पहिलं मावशींना.

"काऊन बे, मजूर लावला होता का मले?" त्यांनी पाकीट माझ्याच डब्यावर ठेवलं. "दोन वर्सांत पुन्याचा झाला हा. दिवस घेतला, दिवस देजो."

सगळे हसले. मी खाली मान घालून जेवलो.

कोणाचे वडील गेले, कोणाचं पोर आजारी पडलं, तसे पुढच्या तीन वर्षांत सात दिवस मी फेडले. उरला मावशींचा. त्यांनी खाडा केलाच नाही. वय झालं तशा त्या खामगावला परत गेल्या, आणि तो दिवस माझ्या डायरीत पानामागून पान पुढे सरकत राहिला.

यंदा कापसाच्या हंगामात त्यांचा फोन आला. "माहा दिवस देतं का आता? मले नाई, आमच्या बायकाईले दे."

त्यांच्या ओळखीच्या चौतीस बायका एका जिनिंगमध्ये होत्या. मुनीम आठ तास मांडायचा, सुटी व्हायची दहा तासांनी. विचारलं तर म्हणायचा, लिहिलेलं दाखवा. रेच्यासमोरची बाई वही कशी धरणार? म्हणून मावशींनी फाटकाबाहेर रोज एक माणूस बसवला होता, आत जाण्याची आणि सुटण्याची वेळ लिहायला. सहा दिवस सहा जणांनी दिले होते. सातवा माझा.

शेगावला रेल्वेतून उतरून खामगावला गेलो. फाटकासमोरच्या बाकावर मी दिवसभर चौतीस नावांपुढे वेळा लिहिल्या, सातही दिवसांची बेरीज दोनदा तपासली. संध्याकाळी बायका वही घेऊन मुनीमापुढे उभ्या राहिल्या. एकीनं वाचलं, बाकीच्या नुसत्या उभ्या. त्यानं चष्मा दोनदा पुसला. दुसऱ्या दिवसापासून आठ तासांवर भोंगा होतो.

चाकणला आता माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. शेजारी चांगले आहेत. आजारी पडलो तर डॉक्टरचा नंबर लगेच देतील. दिवस मागण्याची मात्र माझी हिंमत होणार नाही, आणि माझ्याकडेही कोणी मागितलेला नाही. जिथे मागता येतो त्याला मी अजून घर म्हणतो.

त्या संध्याकाळी मी निघताना मावशींनी वही पाहिली आणि म्हणाल्या, "अक्षर बरं हाये तुहं."

परतीच्या गाडीत डायरीत लिहिलं. दिला: एक दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. कोणाला: जिनिंगच्या चौतीस बायकांना, विमलमावशींच्या सांगण्यावरून.