नाकाला न कळणारं

अंबरपेठेतल्या मराठी घरांत त्रिवेणीताई परुळेकरांच्या नाकाचा मोठा दबदबा. मासळीवाल्यानं वर कितीही बर्फ ओतू दे, बाई नुसत्या वाकायच्या आणि म्हणायच्या, "नक्को भय्या, ये परसों का है." तोही बापडा मुकाट दुसरी मासळी काढायचा. वेंगुर्ल्याची मुलगी लग्न होऊन हैदराबादेत आली, समुद्र मागं राहिला, पण नाक काही तिनं माहेरी ठेवलं नव्हतं.

यंदा मात्र याच नाकानं घात केला असता.

नवरा अनिलराव बँकेतून रिटायर झालेले. यकृताचं दुखणं निघालं आणि दवाखान्यातून घरी आले ते नुसता हाडांचा सापळा होऊन. ताट समोर आलं की तोंड फिरवायचे. खिचडी नको, पेज नको, काहीच नको. माणूस असाच वाळत गेला तर करायचं काय? त्रिवेणीताई ओट्यापाशी उभ्या उभ्या रडून घ्यायच्या आणि डोळे पुसून परत वाढायला यायच्या.

अशात भाचा विकास गावाहून आला, तो बर्फाच्या डब्यातून कालवं घेऊन, अगदी शिंपल्यांसकट. अनिलरावांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. नवराबायको दोघंही एकाच किनाऱ्यावरची. ओहोटीला खडकावर बसायचं, कालव फोडायचं, लिंबू पिळून तिथंच गिळायचं, यातच त्यांचं बालपण गेलं होतं.

"थोडी कच्ची दे," ते म्हणाले. "मग तू म्हणशील ते जेवतो."

जेवतो म्हणाले! बाईंना गहिवरूनच आलं. त्यांनी एक कालव नाकाशी धरलं. स्वच्छ खारा वास. जरा उघडलेलं होतं, त्यावर टिचकी मारली तर शिंपलं घट्ट मिटलं. एकदम ताजं. लिंबू चिरून झालं, सुरी हातात घेतली. लिंबानं सगळं मरतं, हे तर लहानपणापासून ऐकलेलं.

आणि तिथंच हात थांबला. हिमायतनगरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं: कच्चं काही द्यायचं नाही, शिंपल्यातलं तर मुळीच नाही. काही जंतू जिवंत कालवातही असतात. त्यांना वास नाही, चव नाही, लिंबानं ते मरत नाहीत. धडधाकट माणूस बहुतेक वेळा जुलाबावर निभावतो. यकृत बिघडलेल्याच्या रक्तात शिरले तर माणूस बघता बघता हातचा जातो. त्रिवेणीताईंनी तेव्हा मान डोलावली होती आणि मनात म्हटलं होतं, समुद्र न बघितलेल्या बाईला कालवातलं काय कळतंय. आता तेच बोलणं आठवलं: ज्याला वासच नाही, ते नाकाला कळणार कसं?

त्यांनी सुरी ठेवली आणि पातेल्यात पाणी चढवलं. "अहो, उकडून देते."

"मग नकोच. जन्मभर मागितलं ते दिलंस, आणि आता मरायला टेकलो तर तुला नियम सुचतात."

जिव्हारी लागलं. तरी त्यांनी सगळी कालवं उकळत्या पाण्यात सोडली. शिंपली उघडल्यावरही चांगली उकळू दिली, न उघडलेली टाकून दिली, आणि ताटली पलंगाशी नेऊन ठेवली. अनिलरावांनी भिंतीकडं तोंड केलं. त्या तिथंच बसून राहिल्या.

"तुझी कच्ची राखलीस ना?" मघाच्यापेक्षा मऊ आवाजात त्यांनी विचारलं. "तुला कुठं दुखणं आहे. तू तरी खा."

"सगळी उकडली."

"का पण?"

"तुम्हाला नाही म्हणायचं आणि आपण खायचं, घशाखाली उतरलं असतं होय?" त्रिवेणीताई म्हणाल्या. "रागवा, बोलू नका माझ्याशी, पण इथं माझ्यापाशी राहा. या गावात आपल्या खडकावरचं बोलायला मला तुमच्याशिवाय कोण आहे?"

अनिलराव वळले. एक कालव उचलून तोंडात टाकलं आणि सावकाश चावत राहिले.

"रबर झालंय नुसतं," ते म्हणाले. दुसरं उचललं आणि ताटली बायकोकडं सरकवली. "घे, तूही खा."