आखूड पट्ट्यांचा गर्डर

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून निघून दोन किलोमीटर झाले, तरी हौसेराव रिक्षात बसायला तयार नव्हते. राग त्यांना पायांनीच उतरवायचा होता. पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारी त्यांची शेजारीण उज्वला बरोबरीने चालत होती.

तीस वर्षं ते क्रेनच्या हुकाला माल अडकवत आले होते. आज नव्या सुपरवायझरने दोन टनांच्या गर्डरला उचलण्यासाठी दोन आखूड पट्टे लावायला सांगितले, आणि हौसेरावांनी हातच लावला नाही. उद्या सकाळी आठ वाजता तोच गर्डर दुसरे चौघे उचलणार होते.

"त्यो म्हनतो, पट्टे दीड-दीड टनाचे, वाट्याला येनार एकेक टन. कशाला घाबरता, म्हातारबा?"

"मग तुम्ही काय म्हणालात, काका?"

"म्हनलं, दोन टोकांत जेवढं अंतर, तेवढा तरी पट्टा लांब पायजे. आखूड पट्टा असा आडवा पडतो, वर उचलायचं सोडून आत ओढत बसतो." त्यांनी दोन्ही हातांनी पसरट कोन दाखवला. "तर हसला. पुस्तक दाखव म्हनाला."

उज्वलाने चालता चालताच गणित मांडलं. त्यांनी दाखवलेला पट्ट्याचा आडव्या गर्डरशी कोन जेमतेम तीस अंशांचा, म्हणजे एकेका पट्ट्यावर पुरता दोन टनांचा ताण. देवा, सांभाळ रे त्या चौघांना!

"काका, तुमचंच बरोबर आहे. पट्टा दगा देईल."

हौसेराव थांबले. "मला ठावं हाय गं. पन माझ्या तोंडचं त्याला पटत न्हाई. तू कागदावर लिहून दे, तुमच्या कॉलेजच्या आकड्यांत. आन् सकाळी सात वाजता माझ्यासंगं यार्डात चल."