तिसऱ्या गिअरची चोरी

नोकरीत पाहिलेल्या काही खुनांचे तपशील आता पुसट झाले आहेत. पण सुरतेत प्लेगच्या वर्षी, म्हणजे १९९४ साली, झालेली गिअरबॉक्सची एक चोरी मला अजून जशीच्या तशी आठवते. तिच्यात रक्त नव्हतं, हत्यार नव्हतं आणि बातमीही आली नाही. वरिष्ठांनी तर शेवटी त्या प्रकरणाला प्रकरण म्हणायलाही नकार दिला होता.

मी तेव्हा अठवा भागातल्या पोलीस ठाण्यात फौजदार होतो. वडील खानदेशातून सुरतेच्या यंत्रमागांवर आले, मी गुजरात पोलिसात लागलो. दिवाळीनंतर एके सकाळी कापड प्रोसेसिंगच्या कारखान्याचे एक शेठ ठाण्यात आले. त्यांच्यामागे त्यांचा मुनीम, मुनीमामागे मेकॅनिक. शेठ बसले, मग त्यांनी आमच्या पंख्याकडे असं पाहिलं, जणू त्या नजरेने तो जरा वेगाने फिरेल.

त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची क्रीम रंगाची, चार दरवाजांची, तीनच गिअरची एक गाडी होती. गाडीचं नाव लिहीत नाही, कारण त्या मॉडेलचे मालक अजून हयात आहेत आणि ते लांबलचक पत्रं लिहितात. कंपनीने ते मॉडेल बंद करून बराच काळ लोटला होता. शेठ एरवी नव्या गाडीतून फिरत. ही बाहेर निघायची ती धनतेरसला, वरातीला आणि एखादा मंत्री आला तर. नुकताच एक मंत्री आला होता. कामरेजच्या पुढे हायवेवर मोकळा रस्ता मिळाला, शेठ म्हणाले, "जरा वेगाने घे." ड्रायव्हरने तिसरा गिअर टाकला आणि तो खाडकन बाहेर आला. पुन्हा टाकला, पुन्हा बाहेर. मंत्र्यांनी बाकीचा प्रवास दुसऱ्या गिअरवर केला. मागचा ताफा कासवासारखा रांगत राहिला.

मेकॅनिकने गाडी उचलून पाहिली तेव्हा कळलं, गिअरबॉक्स बदललेला आहे. शेठच्या गिअरबॉक्सला कधी वेल्डिंग लागलं नव्हतं. याच्या अंगावर जुना वेल्डिंगचा सांधा होता.

"ड्रायव्हरने विकला," शेठ म्हणाले. "चावी त्याच्याकडे. प्लेगमध्ये आम्ही सगळे मुंबईला मुलाला भेटायला गेलो होतो, बंगल्यावर हा एकटा. फिर्याद लिहा."

प्लेगच्या त्या दिवसांत सुरतेतले बरेच शेठ एकाच वेळी मुलांना भेटायला गेले होते. मी फिर्याद न लिहिता अर्ज घेतला आणि आधी चौकशी करतो म्हणालो. शेठना ते आवडलं नाही. संध्याकाळी वरून फोन आला, फिर्याद घ्या. मी होकार दिला आणि चौकशीच केली.

ड्रायव्हर साक्री तालुक्यातला, पन्नाशीचा, शेठच्या वडिलांपासून नोकरीला. गॅरेजच्या मागे एका खोलीत राहायचा. मुलं पालिकेच्या मराठी शाळेत. फिर्यादीत नाव आलं की आधी अटक, मग खोली, मग शाळा, हा क्रम त्याला सांगावा लागला नाही. मी त्याच्याशी अहिराणीत बोललो तसा आमचा जमादार दारातून म्हणाला, "साहेब, मुलखातला माणूस निघाला वाटतं. आता आरोपीला चहा, आणि आम्हाला?"

"तुलाही सांग. शेठच्या नावावर."

चहा आला. मी ड्रायव्हरला विचारलं, "प्लेगमध्ये कुठे होतास?"

"आठेच व्हतू साहेब. गाडीजोडे."

इथेच, गाडीजवळ. मग मी गिअरबॉक्सचं काहीच विचारलं नाही. प्लेगचं विचारलं. त्या दिवसांत जो सुरतेत राहिला, त्याला नुसतं 'प्लेग' म्हटलं की पुरे असायचं. रस्त्यावरची जंतुनाशक पांढरी पावडर, औषधाच्या दुकानांतून संपलेल्या गोळ्या, तोंडाला बांधलेले रुमाल, दूधवाला आला की नाही, शेजारी कोण पळालं. त्याला थांबवावं लागायचं. या माणसाकडे सांगायला काहीच नव्हतं. पावडर मारली का? असेल. गोळ्या घेतल्या? घेतल्या असतील. दूध? आठवत नाही.

तो बाहेर गेल्यावर जमादार म्हणाला, "खोटं बोलतोय."

"हो. पण कशाबद्दल?"

"जो खोटं बोलतो तोच चोर. सरळ आहे."

जमादाराचं सगळंच सरळ असायचं. बदलीच्या अर्जापुरता त्याचा तर्क वळायचा.

मी बंगल्यावर जाऊन गाडीखाली शिरलो. खाकी कपड्यांत गाडीखाली झोपलेला फौजदार पाहून शेठना प्रथमच माझ्याबद्दल थोडा आदर वाटला. बदललेला गिअरबॉक्स सगळ्या बोल्टांसह नीट आवळला होता. गिअरबॉक्स ज्यावर टेकतो ते फाउंडेशनचं रबरही नवं टाकलं होतं. आणि आत तेल ताजं, काठोकाठ. पार्ट चोरणारे मी बरेच पाहिले होते. ते गाडी विटांवर ठेवून जातात. माल काढून त्या जागी दुसरा बसवणारा चोर क्वचित असतो. तेल भरणारा तर नसतोच. हे काम त्या गाडीवर जीव असलेल्या माणसाचं होतं, आणि सांध्याचा तो गिअरबॉक्स त्याच्या स्वतःच्या गाडीतून आला होता.

अशा बंद मॉडेलच्या मालकांची एक वेगळी जात असते. पार्ट कुठेच मिळत नाही, म्हणून ती माणसं एकमेकांना मिळतात. ट्रॅक्टरचं बेअरिंग बसतं का, उधन्याला लेथवर बुश कोण काढून देतो, हे एकमेकांना पत्राने कळवतात. त्यांच्यापैकी कोणी वारलं की बाकीचे सांत्वनाला जातात, आणि निघताना गॅरेजकडे एक नजर टाकून येतात.

म्हणून मी भंगार बाजारात गेलो. तिथला एक म्हातारा व्यापारी आम्हाला अधूनमधून खबर द्यायचा. सुरती माणूस शिवी देऊन बोलला तर खुशीत आहे असं समजायचं. तो त्या दिवशी फारच खुशीत होता. असा गिअरबॉक्स कोणी विकायला आणला का, असं विचारताच त्याने माझ्या अकलेबद्दल दोन शब्द काढले.

"कोण घेणार साहेब? ही गाडी असलेले लोक फुकटे. दर शनिवारी येतात, माझ्या गाळ्यात बसतात, माझा चहा पितात, सगळं भंगार उलथंपालथं करतात आणि हात हलवत जातात. एक ते बारडोलीवाले साहेब. दोन वर्षं एकच रड, गिअरबॉक्स, गिअरबॉक्स. प्लेग गेल्यापासून तेवढा त्रास कमी झाला."

"का?"

"आता येत नाहीत. आजारी असतील."

मी चहा संपवला. तोपर्यंत मी विकायला आलेला माणूस शोधत होतो. शोधायचा होता तो मागायला यायचा बंद झालेला.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला पुन्हा बोलावलं. जमादाराला बाहेर पाठवलं. म्हटलं, "भाऊ, बारडोलीचे साहेब मला कळले. तू इथे नव्हतास हेही कळलं. गॅरेजची चावी त्यांच्याकडे कशी गेली एवढंच तुझ्या तोंडून पाहिजे."

त्याने दाराकडे पाहून जमादार गेल्याची खात्री केली. मग म्हणाला, "सांगू तं नोकरी जाई. नही सांगू तं चोर व्हसू."

अडचण त्याने दोन वाक्यांत मांडली होती. वकिलाला दोन तारखा लागल्या असत्या. शेठनी जाताना बजावलं होतं, गाडी सोडून हलायचं नाही. ते गेल्यावर गल्ली रिकामी झाली. बायको रडायला लागली तसा हा मुलांना घेऊन गावी निघून गेला. पण गाडी बंद राहिली तर बॅटरी जाते. बारडोलीचे साहेब शेठच्या ओळखीचे, त्यांची गाडीही हीच; ते म्हणाले, चावी दे, आठवड्यातून एकदा येऊन चालू करतो. याने दिली. परत आल्यावर पहिल्याच फेरीत तिसरा गिअर सुटला तेव्हा याला सगळं कळलं. पण बोलायचं तर आधी 'मी इथे नव्हतो' हे बोलावं लागलं असतं. म्हणून दुसऱ्या गिअरवर दिवस काढत होता.

"अटक होणार नाही, एवढं मी बघतो," मी म्हणालो. "नोकरीची हमी देत नाही. ती माझ्या हातात नाही."

तो म्हणाला, "पळाला म्हणतील तर गावात कोणी हसायचं नाही. सगळेच पळून आलते. चोर म्हणतील तर गावात जाता येणार नाही. लिहा साहेब."

मी जबाब लिहिला, त्याने सही केली.

बारडोलीचे साहेब साखर कारखान्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. मी साध्या कपड्यांत गेलो, म्हटलं, तुमच्या गाडीबद्दल फार ऐकलंय, बघायला आलो. कोण, कुठला, काहीही न विचारता त्यांनी गॅरेज उघडलं. अर्धा तास मी डॅशबोर्डवरचं घड्याळ आणि मूळच्या सीट्स यांची स्तुती केली. मग ते म्हणाले, "बसा, नुसतं बघून काय कळणार?" कालव्याच्या रस्त्याने, दोन्ही बाजूंच्या उसातून आम्ही निघालो. पहिला, दुसरा, आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहून हलकेच दांडा ओढला.

"पाहा. तिसरा. लोण्यासारखा."

"सुंदर," मी म्हणालो. "सांधा नसलेला गिअरबॉक्स कुठे मिळाला?"

ते तिसऱ्यातच थोडं पुढे गेले. गाडी कडेला घेतली, बंद केली. घाबरलेले नव्हते, त्यांना वाईट वाटलं होतं ते मी गाडी बघायला आलो नव्हतो याचं.

"तुम्ही पोलीस," ते म्हणाले. "मला सांगा, ती गाडी वर्षातून तीनदा निघते, तीही वरातीच्या वेगाने. तिसऱ्या गिअरचं त्यांना काय काम? मी रोज चालवतो. आणि मी रिकामं नाही ठेवलं. माझा बसवला. तेल माझ्या पैशाने घातलं."

"ते मी पाहिलं. काम चांगलं झालंय."

"फाउंडेशनचं रबर पाहिलंत? नवं आहे."

शेठना नाव सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे टेकले. चोर ड्रायव्हर असता तर तो चोर होता. हा तर त्यांच्याच क्लबातला माणूस. दोन दिवसांनी गिअरबॉक्स आपापल्या जागी गेले. देखरेखीला दोन्ही मालक उभे होते आणि मध्ये फाफड्याची ताटली होती. शेठनी ठाण्यात येऊन तक्रार नसल्याचा जबाब दिला. त्यात 'गैरसमजातून' हा शब्द त्यांनी आग्रहाने घालायला लावला. प्रकरण दप्तरी दाखल झालं, म्हणजे मिटलं.

ड्रायव्हरला मात्र शेठनी कामावरून काढलं आणि महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितलं. मी शेठकडे गेलो, शब्द टाकून पाहिला.

"चोरीचं सोडा हो साहेब, ते आपसातलं होतं," शेठ म्हणाले. "पण हा मला न सांगता गेला. भरवसा राहिला नाही."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

पुढे बऱ्याच महिन्यांनी कडोदऱ्याच्या चौकात एका टेम्पोतून मला हाक आली. तोच होता. एका लूमच्या कारखान्याचे कापडाचे ताके पोचवत होता. खोली लहान मिळाली होती, मुलांची शाळा लांब पडत होती, पण सुटली नव्हती. मी विचारलं, नव्या मालकाने जुनी नोकरी का गेली ते विचारलं नाही का?

"इचारं ना."

"मग काय सांगितलंस?"

"सांगं, प्लेगमा मी गयथू गावले." गेलो होतो गावाला. तो हसला. "तर मालक म्हणतो, मी पण."

त्यानंतर चौकशीची माझी पद्धत थोडी बदलली. समोरचा खोटं बोलतोय हे दिसलं की याने काय केलं असेल हे मी नंतर बघायचो. खरं बोलला तर याचं काय जाईल, हे आधी. आरोपीला आम्ही नेहमी सांगत असू की खऱ्याला भीती नाही. ते वाक्य मी पुन्हा कोणाला सांगितलं नाही.