नूरुद्दीनभाईंचं मत

दुबईतल्या करामा भागात, हव्वाबीच्या बाहेरच्या खोलीत कोकणी मदत मंडळाचा जन्म झाला. संस्थापक म्हणून तिचे यजमान नूरुद्दीनभाई यांचा फोटो मंडळाच्या कार्यालयात सोनेरी चौकटीत लागला आहे. त्यात हव्वाबी नाही. ती असावी असं कधी कुणाच्या मनातही आलं नाही.

भाई माणूस सोन्यासारखा, पण नाकासमोर चालणारा. अल क्वोजच्या गोदामात स्टोअरकीपर होते. मजुरांच्या कॅम्पवर राहणारी रत्नागिरी-रायगडची पोरं शुक्रवारी त्यांच्याकडे जेवायला यायची. जेवता जेवता एकेकाची दुःखं निघायची, आणि त्यातूनच मंडळ निघालं. बैठकीत कुणी अवघड प्रश्न काढला, की भाई उठत. "चहा बघून येतो," म्हणत.

आत हव्वाबी किटलीपाशी उभी असे. पडद्याआडून तिने सगळं ऐकलेलं असे. एकदा कॅम्पवर परक्या तालुक्यातला एक माणूस गेला. त्याचं कफन-दफन मंडळाने करावं का, यावर बाहेर वाद पेटला. हव्वाबी कप भरता भरता म्हणाली, "मयताला तालुका विचारतात होय?" भाई ट्रे घेऊन बाहेर आले, घसा खाकरला आणि म्हणाले, "माझं असं मत आहे, की मयताला तालुका विचारू नये." सगळ्यांनी माना डोलावल्या. काय खोल विचार करतो हा माणूस! आत हव्वाबी पदर तोंडाला लावून हसत होती. नवऱ्याचं नाव होतंय यातच तिला भरून पावल्यासारखं वाटे.

या कौतुकात एक जखम मात्र झाकलेली राहिली. त्यांना एकच मूल झालं, रुहान, मंडळ निघायच्याही आधी. चालायला लागला होता, आणि तापाचं निमित्त होऊन गेला. त्याला अल क्वोजच्या कब्रस्तानात ठेवला. हव्वाबीच्या घरच्या रिवाजात बायका कब्रस्तानात जात नाहीत. म्हणून शुक्रवारी भाई भिंतीलगत गाडी उभी करून आत जात आणि ती गाडीतच बसून दुआ मागे. वर्षानुवर्षं हेच चाललं. याबद्दल भाई बाहेर कुणाशी बोलले नाहीत, आणि ती तर काय, बाहेर बोलतच नसे.

गेल्या हिवाळ्यात भाईही त्याच भिंतीआड गेले.

हव्वाबी इद्दतीत बसली. म्हणजे नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही आणि परक्या पुरुषासमोर यायचं नाही. तिचा व्हिसा नवऱ्याच्या आधारावर होता, तो आता संपणार होता. तिला आता एकच हवं होतं: याच शहरात, त्या भिंतीजवळ राहायचं. मंडळाने मनावर घेतलं असतं, तर काही ना काही वाट निघाली असती.

मंडळ जमलं, तिच्याच बाहेरच्या खोलीत. अध्यक्ष लियाकत, एकेकाळी तिच्या हातचं जेवून वाढलेला, आता चार बसगाड्यांचा मालक. तो म्हणाला, "भाभींना सन्मानाने गावी पाठवू. घर रिपेअर करून देऊ. इथे आता कोण आहे त्यांचं?"

"बराबर है. खलास, ठरलं," बाकीचे म्हणाले.

पडद्याआड हव्वाबी किटलीपाशी उभी राहिली. उत्तर अगदी ओठांवर होतं. पण चहा शेजारच्या सुमैय्याने नेला आणि आत कुणीच आलं नाही. इद्दतीतल्या बाईला त्रास द्यायचा नाही, ही त्यांची अदब. त्या अदबीनेच तिचा गळा दाबला. शेवटी तिने सुमैय्याला जवळ ओढलं.

"त्यांना सांग..."

"काय सांगू, खाला?"

उभ्या गावासाठी मागणारी ही बाई, स्वतःसाठी मागायची वेळ आली तेव्हा तिची जीभ टाळ्याला चिकटली. "साखर बरोबर आहे का विचार," ती म्हणाली. असला राग येतो तिचा, आणि रागापेक्षा रडूच जास्त येतं.

इद्दत संपली. लियाकतच तिला विमानतळावर सोडायला निघाला. गाडी वळणार इतक्यात ती म्हणाली, "अल क्वोजवरून घे."

"भाभी, उलटं पडेल. ट्रॅफिक बघा ना."

"माझा मुलगा आहे तिथे."

लियाकतने आरशातून तिच्याकडे पाहिलं. मग गाडी वळवली. भिंतीपाशी पोचेपर्यंत तिने रुहानचं सांगितलं, आणि तिला इथेच का राहायचं होतं ते त्याला कळलं.

"एक शब्द टाकायचात ना, भाभी! मी वाटेल ते केलं असतं."

"कोणाच्या तोंडून टाकू, बाबा?"

हव्वाबीने काच खाली केली.

"रुहान त्या झाडाच्या बाजूला आहे, एवढं ठाऊक आहे मला. भाईंना कुठे ठेवलंत, ते मात्र कुणी सांगितलंच नाही."

लियाकतने स्वतःच्या हाताने भाईंना मिट्टी दिली होती. त्याने भिंतीच्या पार दुसऱ्या टोकाकडे बोट केलं. हव्वाबीने तिकडे तोंड वळवलं आणि हात उचलले.