हात लावायचा रविवार

काकू संग्रहालयात सव्वीस वर्षं एकाच स्टुलावर बसल्या. मातीच्या भांड्यांच्या दालनात, खिडकीकडे पाठ करून. काम एका वाक्याचं: हात लावू नका. ते त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की माळ्यापासून तिकीट खिडकीवरच्या माणसापर्यंत सगळे त्यांना पाठीमागे 'लावूनका काकू' म्हणत. काकूंच्या कानावर ते आलं होतं. म्हणू देत, त्या म्हणायच्या, कामचुकार तर म्हणत नाहीत ना.

नोकरीला लागून तीनच महिने झाले असतील. घरी सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून एक दिवस नऊ वर्षांच्या मुलीला त्या चोरून दालनात घेऊन आल्या. कर्मचाऱ्यांनी मुलं आणायची नाहीत असा कडक नियम होता. तासभर पोर गप्प बसली, पण पोरच ते, हात एका घागरीकडे गेला. काकू सगळ्यांदेखत ओरडल्या. नेमके साहेब आत आले आणि मुलगी कुणाची म्हणून विचारू लागले. काकू म्हणाल्या, "ठाऊक नाही साहेब. चुकली असेल." शिपायानं पोरीला बाहेर नेऊन पायरीवर बसवलं.

नोकरी वाचली. मुलगी मात्र पुन्हा ती पायरी चढली नाही. शाळेची सहल निघाली तेव्हाही पोट दुखतंय म्हणून घरी राहिली. पुढे लग्न झालं, तिलाही मुलगी झाली. आईच्या दुखण्याखुपण्याला धावून यायची, कशात कमी नाही. पण आईच्या कामाचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जायची. काकू रोज देवापुढे हात जोडून एवढंच मागत, बोलायचं धाडस दे. देव देत असेलही. घ्यायचं काम त्यांचं, तेच होत नव्हतं.

निवृत्तीला चार महिने उरले आणि नव्या साहेबबाई आल्या. त्यांनी दर आठवड्याला 'कुटुंबाचा रविवार' करायचं ठरवलं. तळघरात पडून असलेली आठ-दहा भांडी टेबलावर मांडायची आणि मुलांनी ती बिनधास्त हाताळायची. टेबल काकू सांभाळतील. पहिल्या रविवारी दालन ओस दिसू नये म्हणून प्रत्येकानं आपल्या घरची माणसं आणावीत.

काकूंनी तीन दिवस मनाशी घोकून फोन केला. मुलीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "येईन. पण तिथं मी कोण म्हणून येऊ?"

पोरीला घेऊन ये, एवढंच काकू कसंबसं म्हणाल्या.

रविवारी दोघी आल्या. मुलगी भिंतीला टेकून लांब उभी राहिली, सात वर्षांची नात थेट टेबलाशी. माळ्याच्या नातवंडांनी टेबलाला गराडा घातला होता. तिकीटवाल्याची म्हातारी आई खुर्ची मागून बसली आणि यापेक्षा बरी भांडी आपण फेकून दिली म्हणून सांगू लागली. नातीनं एक छोटा गडू घेतला, आत हात घालून चाचपला आणि म्हणाली, आजी, आत कुणाचं तरी बोट उमटलंय. घडवणाऱ्याचंच असणार ते, काकूंना वाटलं. इतकी वर्षं त्या भांडी ब्रशनं झटकत आल्या होत्या. आतून एकही चाचपलं नव्हतं. नातीनं सगळ्यांना दाखवायला गडू उंच धरला आणि काकूंची जीभ सवयीनं धावली, "हात लावू नकोस!"

पोर दचकली. गडू फरशीवर पडला, तीन तुकडे झाले.

साहेबबाईंनी पुढे येऊन न रागावता विचारलं, कुणाकडून पडलं. मुलगी भिंत सोडून एक पाऊल पुढे आली होती. आईकडेच बघत होती.

"माझी नात आहे ती," काकू म्हणाल्या. "पण चूक माझी, मी ओरडले. आणि ती तिकडे उभी आहे ना, ती माझी मुलगी. तिच्यावरही मी इथंच ओरडले होते. साहेबांनी विचारलं तर कुणाची ठाऊक नाही म्हणाले. नोकरी जाईल म्हणून भ्याले."

पोटासाठी माणसाला काय काय बोलावं लागतं, म्हातारी पुटपुटली. काकूंनी मान हलवली. पोटाचं खरंच होतं, पण पायरीवर एकटं बसलेलं पोर तेवढ्यानं उठून घरी येत नव्हतं.

मुलगी टेबलाशी येऊन खाली बसली आणि तुकडे वेचू लागली.

"एवढं बोलायला किती वर्षं घेतलीस गं आई."

"घेतली खरी."

"मला वाटलं, मी खरंच तुझी नाही. आठवडाभर आरशात नाक बघत होते, तुझ्यासारखं आहे का म्हणून."

काकूंना हसू फुटलं आणि त्यातच रडूही आलं. तुझ्या बापाचं नाक आहे ते, त्या म्हणाल्या.

मुलीनं तुकडे साहेबबाईंच्या हातात दिले, लेकीचे धुळीचे हात आपल्या रुमालानं पुसले. राग गेला असं काही ती म्हणाली नाही.

"चहा कुठं घेता तुम्ही लोक?" तिनं विचारलं.

तिला तिथलं काहीच ठाऊक नव्हतं. काकू स्टूल तसंच सोडून उठल्या आणि वाट दाखवायला पुढे झाल्या.