तिने पूर्ण वाचलंन

आमच्या शेजारचे सर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात आणि नेटवर्कमध्ये चोर शिरू नये म्हणून संशोधन करतात. संध्याकाळी आम्ही भाट्याच्या समुद्रकिनारी वाळूत फिरतो. सुरूच्या बनाशी आलं की ते चपला काढून हातात घेतात, फोन उघडतात आणि आपल्या शोधनिबंधांचा उल्लेख जगात कुणी केलाय का ते बघतात. आकडा वाढला तर "हं" म्हणतात, नाही वाढला तरी "हं"च. त्यांची बढती त्या आकड्यावर अडली आहे, पण नजर मात्र ओहोटीच्या पाण्याबरोबर कुठेतरी लांब गेलेली असते.

"निबंधाच्या शेवटी नावं घालतात हो सगळे," एकदा म्हणाले. "लग्नपत्रिकेत घालतात तशी. वाचतंय कोण?"

परवा फोन बघता बघता ते वाळूतच बसले. परदेशातल्या कुणा मुलीने त्यांची चोर अडवायची पद्धत कशी फोडता येते, ते आपल्या निबंधात दाखवलं होतं. मला वाईट वाटलं. म्हटलं, "बढतीच्या मुलाखतीत नुसता वाढलेला आकडा सांगा. हे कोण विचारतंय?"

"छे, मीच सांगणार. तिने पूर्ण वाचलंन हो. मी जिथे कंटाळून घाई केली, बरोब्बर तिथेच बोट ठेवलंन."

पाणी सोनेरी होऊन विझत होतं. सरांनी तिथेच तिला उत्तर लिहिलं आणि मला मराठीत सांगितलं: चूक मान्य. आंब्याच्या दिवसांत रत्नागिरीला या. आमच्या घराला दिवसा कडी नसते.